कुटुंब क्रमांक एक

अख्ख्या डोंबिवलीची जीभ पाहिलेला माणूस जगात एकच, आणि तो आमच्या शेजारच्या खोलीत राहत होता. डॉक्टर मंडळी जिभा पाहतात, नाही असं नाही. पण त्या आजारी माणसांच्या, दवाखान्यात, आणि त्या माणसांनी आपण होऊन पुढे केलेल्या. आमच्या शास्त्रज्ञाने धडधाकट माणसांच्या जिभा पाहिल्या, त्यांच्या घरी जाऊन पाहिल्या आणि ती माणसं नको नको म्हणत असताना पाहिल्या. चाळीत सगळे त्याला शास्त्रज्ञच म्हणत. हे नाव त्याला मिळालं ते तो शास्त्रज्ञ होण्याच्या फार आधी, मॅट्रिकच्या वर्षी. विहिरीत पोटॅशचे चार खडे टाकावेत असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. चार खड्यांनी जंतू मरतात तर शेरभर खड्यांनी ते पुन्हा येणारच नाहीत, असा हिशेब करून त्याने सगळी पुडी विहिरीत उपडी केली. पुढे आठ दिवस आमच्या चाळीतली तमाम धोतरं तांबूस मळकट रंगाची होती आणि लग्नकार्याला जायचं तर कल्याणहून नातेवाइकांची धोतरं मागवावी लागत होती.

त्याच्या घरात माणसं तीन. वडील अण्णा कल्याणला रेल्वेच्या कचेरीत होते. आई म्हणजे आमच्या काकू. आणि हा एकुलता एक. मी त्याच्याच वयाचा. इंटर सायन्सला शास्त्राने मला दोनदा नाकारलं तेव्हा मी मुकाट्याने ठाण्याच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. तो मात्र वर वर चढत गेला आणि स्वराज्य आल्यावर दोन-तीन वर्षांत मुंबईला विद्यापीठात एम.एस्सी.साठी जीवरसायन घेऊन बसला. जीवरसायन म्हणजे काय हे चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. 'रसायन' एवढाच शब्द कळल्यामुळे वरच्या मजल्यावरचे पेन्शनर नाना काही दिवस त्याच्याकडे सांधेदुखीवर पुडी मागत असत. त्याने त्यांना पुडी दिली नाही, पण एका सकाळी त्यांची बाटली मागून नेली, स्पिरिटच्या दिव्यावर निळ्या पाण्यात ते काय असेल ते उकळलं आणि गॅलरीतून सर्वांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "नाना, साखर नाही! तुम्ही निर्मळ आहात!" नानांना त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटावा की लाज, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पण त्याचं खरं वेड आनुवंशिकतेचं. कुठल्याशा परदेशी मठातल्या एका पाद्र्याने बागेत वाटाणे लावून हे शास्त्र शोधून काढलं, असं तो सांगे, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर कीर्तनकाराचा भाव येई. मनुष्यात जे जे म्हणून काही आहे ते मागून आलेलं आहे, हे त्याचं मुख्य सूत्र. कुणाच्या कानाची पाळी सुटी, कुणाची गालाला चिकटलेली; कुणाला जीभ नळीसारखी गुंडाळता येते, कुणाला येत नाही; हे सगळं त्याला पाठ. बारशाला गेला की तो पाळण्यातल्या मुलाकडे न बघता त्याच्या आजोबांच्या कानांकडे बघायचा. आणि या सिद्धान्ताचा सगळ्यांत मोठा पुरावा म्हणून तो स्वतःला पुढे करायचा. अण्णांना बोलायला सुरुवात करण्याआधी तीनदा खाकरायची सवय होती: दोन आखूड आणि एक लांब. यालाही तीच सवय, तंतोतंत, दोन आखूड आणि एक लांब. बापलेक एकाच वेळी बोलायला लागले की आधी अर्धा मिनिट नुसतं खाकरणंच चालायचं. "हे बघ," तो मला म्हणायचा, "हे मला कुणी शिकवलंय का? हे रक्तातनं आलंय. आमच्या पणज्यांपासून आलं असणार." काकू हे ऐकलं की पोळी लाटता लाटता हसायच्या आणि म्हणायच्या, "अगदी ह्यांच्यावर गेलाय रे बाबा." हे वाक्य काकू दिवसातून एकदा तरी म्हणत. इतर आया कौतुकाने म्हणतात. काकू जरा जास्तच ठामपणे म्हणायच्या, पण तेव्हा ते मला जाणवलं नव्हतं.

प्रबंधासाठी त्याने आधी माश्या पाळल्या. केळ्यावर घोंघावणाऱ्या बारीक माश्या असतात ना, त्याच. पण त्याच्या बोलण्यावरून त्या सयाजीरावांच्या तबेल्यातल्या घोड्या वाटाव्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत वंश खंडित होऊ नये म्हणून तो त्यांना घरी घेऊन आला. दुधाच्या बाटल्या, तळाशी कुस्करलेलं केळं, तोंडाला कापसाचे बोळे, आणि आत लाल डोळ्यांच्या नि पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या. सबंध चाळ जिथे माश्या हाकलण्यात आयुष्य काढत होती तिथे हा एक माणूस त्यांना केळी घालत होता. त्याला घरी वेळ नसे तेव्हा हे सगळं काकूंच्या अंगावर पडे. काकू दुपारी बाटल्यांवर ओलं फडकं टाकायच्या, संध्याकाळी ते काढायच्या आणि तो मुंबईहून परतला की दारातच सांगायच्या, "अरे, तुझी ती पांढऱ्या डोळ्यांची बाळंत झाली हो. सगळी सुखरूप आहेत." त्यांना कुणी विचारलं, की काकू, तुम्हाला किळस नाही येत, तर म्हणायच्या, "कुणाची का असेनात, आपल्याकडे आलीत ना? मग सांभाळायला नकोत?"

या वंशाचा अंत हिवतापवाल्यांनी केला. पाठीवर पंप बांधलेली त्यांची माणसं एका दुपारी आली आणि डीडीटीचा फवारा मारत सगळ्या खोल्यांतून फिरली. शास्त्रज्ञ घरी आला तेव्हा बाटल्यांच्या तळाशी काळा थर बसला होता. तो गॅलरीत आला आणि कठड्याला धरून म्हणाला, "गेल्या! माझ्या सात पिढ्या गेल्या!" खालच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या एका भाबड्या गृहस्थाने हे ऐकलं आणि काहीही न विचारता विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. नानांनी कोपऱ्यात मला गाठून हळूच सांगितलं, "तू रोज ठाण्याला जातोसच. एकदा त्यालाही बरोबर ने, तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात नुसता दाखवून तरी आण."

माश्या गेल्यावर त्याच्या प्राध्यापकांनी सांगितलं, माश्या राहू द्या, माणसं घ्या. माणसांवर कुणी फवारा मारत नाही. आणि त्यांनी त्याला ते कागद दिले. एका रसायनात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या बोटभर लांब पट्ट्या. त्या जिभेवर ठेवल्या की काही माणसांना जहर कडू लागतात आणि काहींना कागदासारखा कागद लागतो. यात मधलं काही नाही. कडू लागणं न लागणं हे रक्तातून येतं. आणि त्यातला मुख्य नियम असा, की आई आणि बाप दोघांनाही कडू लागत नसेल तर त्यांच्या कुठल्याच मुलाला कडू लागायचं नाही. मुलाला लागलं, तर दोघांपैकी एकाला तरी लागलंच पाहिजे. शंभर कुटुंबं तपासायची, नोंदवहीत नोंदवायची आणि प्रबंध लिहायचा. तपासायची पद्धतही ठरलेली: दोन डबे. पहिल्या डब्यात नुसत्या साध्या कागदाच्या पट्ट्या, दुसऱ्यात औषधाच्या. प्रत्येकाला आधी साधी द्यायची, मग औषधाची. चाखणाऱ्याला यातलं काही सांगायचं नाही. अक्षर माझं बरं, म्हणून नोंदवही माझ्याकडे. कचेरीत आठवडाभर लिहून कंटाळलेला मी रविवारी पुन्हा लिहायला बसू लागलो, ते केवळ त्याच्या खाकरण्याला नाही म्हणता येत नसे म्हणून.

आणि मग सुरू झाली ती जिभांची स्वारी. डोंबिवलीत तेव्हा घरं बोटावर मोजण्याइतकी नसली तरी माणसं एकमेकांना ओळखत होती, त्यामुळे बातमी आमच्या आधी पोचे. काही घरांत आम्ही दिसलो की दारं लागत; काही घरांत चहा होऊन माणसं रांगेत बसलेली असत. कडू लागणं हे काहीतरी वरच्या दर्जाचं आहे असा समज का कोण जाणे पण पसरला होता. एका इनामदारांच्या घरी सहाच्या सहा माणसांना काही लागलं नाही, तेव्हा थोरले इनामदार उठून उभे राहिले. "म्हणजे आमच्या घराण्याला चव नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?" शास्त्रज्ञ तीनदा खाकरून म्हणाला, "घराणं शुद्ध आहे. एकही गुण बाहेरचा आलेला नाही." त्यावर इनामदार एवढे खूश झाले की आम्हाला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. उलट आमच्या नानांनी पहिली साधी पट्टीच जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून "कडू! अतिशय कडू!" असं जाहीर केलं. असं कुणी केलं की शास्त्रज्ञाचा चेहरा लाल व्हायचा. शास्त्रात लबाडी त्याला खपत नसे. त्याने नानांना पाच वेळा पट्ट्या दिल्या, डबे बदलून दिल्या, डोळे बांधून दिल्या, आणि शेवटी त्यांच्याकडून वदवून घेतलं की त्यांना काहीही लागत नाही. "नाना, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात तर चालेल," तो म्हणाला, "वहीशी बोलू नका."

ठाण्याच्या खाडीकडे एका मिठागरवाल्या गावात एका म्हाताऱ्याच्या घरी सत्तावीस माणसं एका ओळीत वयाप्रमाणे उभी होती. म्हाताऱ्याने स्वतः पट्टी चाखली, विचार केला आणि म्हणाला, "मास्तर, मिठात जलम गेला, जिभंला काय कलनार? तुमी बसा, म्हावरा खावा, मंग पोरांच्या जिभा बगा." सोवळ्यातल्या काकूंचा हा मुलगा शास्त्राची गरज म्हणून बसला, शास्त्राची गरज म्हणून मासे जेवला आणि नोंदी पडताळून पाहण्यासाठी म्हणून पुढचे चार रविवार त्याच घरी गेला. घरी त्याने फक्त पडताळणीचं सांगितलं.

याच काळात त्याचं लग्न ठरवायचं निघालं. कल्याणला पारनाक्यावर मुलगी पाहायला आम्ही गेलो. अण्णा, काकू, तो आणि मी. पत्रिका जुळल्या होत्या, पण पत्रिकेवर त्याचा विश्वास नव्हता. त्याने आल्या आल्या मुलीच्या वडिलांचे कान पाहून घेतले. पोहे झाले. मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा, असं तिचे वडील म्हणाले. सगळ्यांना वाटलं, विणकाम विचारेल, फार तर एखादं गाणं. हा तीनदा खाकरला. "तुम्हाला जीभ गुंडाळता येते का?" खोलीत असा काही शुकशुकाट झाला की बाहेर टांगेवाला घोड्याशी काय बोलतोय ते ऐकू आलं. मुलीने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा याच्याकडे पाहिलं, आणि सरळ जीभ बाहेर काढून तिची सुबक नळी करून दाखवली. मग ती आत घेऊन विचारलं, "तुम्हाला येते का?" याला येत नव्हती. त्याने तसं कबूल केलं. ती म्हणाली, "मग शिकून घ्या." "ते शिकून येत नाही," हा कळवळून म्हणाला, "ते मागून यावं लागतं." परतताना तो वाटेत चार वेळा म्हणाला, की मुलगी फार हुशार आहे. तिच्या वडिलांचा निरोप दोन दिवसांनी आला: मुलीला पसंत आहे, नाइलाज आहे, पण आधी एम.एस्सी. होऊ दे, नोकरी लागू दे, तोवर साखरपुडासुद्धा नाही.

म्हणजे आता सगळं त्या प्रबंधावर येऊन ठेपलं. एका कॉलेजात जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली, कल्याणला मुलगी थांबलेली, नव्व्याण्णव कुटुंबं तपासून झालेली. अडलं होतं एकच. वहीच्या पहिल्या पानावर, माझ्या अक्षरात, 'कुटुंब क्रमांक एक' असं लिहिलं होतं. पहिलं कुटुंब तुमचं स्वतःचंच हवं, असं प्राध्यापकांनी बजावलं होतं. लोकांना जे चाखायला देता ते आपल्या घरी चाखलं नाही असं परीक्षकांनी म्हणायला नको. त्या पानावर वडील: काही लागत नाही. मुलगा: कडू. याला तर एवढं कडू लागायचं की पट्टीला हात लागला तरी तो चूळ भरून यायचा. आणि आई, या शब्दापुढे जागा कोरी.

काकू चाखतच नव्हत्या. पहिल्या रविवारी त्यांची एकादशी निघाली. मग तोंड आलं. मग सोवळ्यात होत्या. मग दाढ दुखत होती. मग एकदा त्यांनी सांगितलं की कागदावर विद्या असते, तो उष्टा करायचा नसतो. चाळीतल्या सगळ्या बायकांनी चाखून झालं तरी काकूंचा मुहूर्त लागेना. आम्ही दोघं त्यांची थट्टा करायचो. "काकू, नव्व्याण्णव घरं झाली, तुमच्या एका जिभेसाठी याचं लग्न अडलंय," असं मी म्हणायचो, आणि काकू हसायच्या. तो तर त्यांना चुलीपाशी जाऊन समजावून सांगायचा. "अगं आई, घाबरतेस काय? तुझा निकाल मला न चाखताच ठाऊक आहे. अण्णांना लागत नाही. मला लागतं. म्हणजे तुला लागणारच! दुसरं गणितच नाही. नाहीतर मी तुमचा मुलगाच नव्हे!" आणि आपल्या विनोदावर तो मोठ्याने हसायचा. काकू चुलीत फुंकर घालायच्या. त्याच सुमाराला औषधाच्या डब्यातली एक पट्टी कमी भरली. पट्ट्या मोजलेल्या असत. उंदराने नेली असावी, असं आम्ही ठरवलं आणि डबा उंच फळीवर ठेवला.

शेवटी प्राध्यापकांचं पत्र आलं. पुढच्या सोमवारी प्रबंध पुढे जायला हवा. पहिलं पान पुरं करून या. त्याने ते काकूंना वाचून दाखवलं. काकू एवढंच म्हणाल्या, "रविवारी सकाळी घे बाबा काय ते."

रविवारी सकाळी काकू न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून पाटावर बसल्या, पूर्वेकडे तोंड करून. अण्णा खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी वही उघडून शाई झटकली. त्याने पहिला डबा उघडला, साध्या पट्ट्यांचा, आणि चिमट्याने एक पट्टी काढून काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती जिभेला लावली न लावली तोच त्यांचं सगळं तोंड आक्रसलं. "अगं बाई, किती कडू रे हे! जहर नुसतं! पाणी दे, पाणी दे." त्यांनी पदर तोंडाला लावला, मान हलवली, अंग शहारल्यासारखं केलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो कोरा कागद होता, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. आता तो खाकरेल, नानांना म्हणाला तसं काहीतरी म्हणेल आणि दुसरा डबा उघडेल, असं मला वाटलं. नियम तोच होता. पण तो काकूंच्या डोळ्यांकडे बघत होता. त्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि एवढी भीती मी कुणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती. खुर्चीतल्या अण्णांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. ते तीनदा खाकरले आणि त्यांनी ते पुन्हा तोंडापुढे धरलं.

त्याने दुसऱ्या डब्याला हात लावला नाही. पहिल्या डब्याचं झाकण लावलं, काकूंना स्वतः पाण्याचं भांडं आणून दिलं आणि मला म्हणाला, "लिही. आई: कडू."

"दुसरी पट्टी नाही का?" काकूंनी विचारलं.

"नाही गं. एवढ्यात कळलं सगळं. मी म्हटलं नव्हतं, तुला लागणारच?"

"लिहिलंस का रे?" काकू मला म्हणाल्या.

"लिहिलं, काकू."

"ठळक लिही हो," त्या म्हणाल्या. मी ते गिरवून ठळक केलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या आईला खोदून खोदून विचारलं. तिने आधी विषय बदलला. मग दार लोटून घेऊन म्हणाली, की काकूंची धाकटी बहीण पेणला पहिल्या बाळंतपणात गेली, तिचा नवरा आधीच वारलेला. बारा दिवसांचं मूल काकूंनी उचललं, अण्णांनी कल्याणला बदली मागून घेतली आणि जिथे कुणी ओळखत नाही अशा डोंबिवलीत बिऱ्हाड केलं. "काकूंनी हे फक्त मला सांगितलंय. कुणाशी बोललास तर बघ," आई म्हणाली. तेव्हा मला कळलं, की ती एक पट्टी उंदराने नेली नव्हती. काकूंनी ती एकटीने चाखून पाहिली होती, त्यांना काही लागलं नव्हतं, आणि तेव्हापासून त्या माउलीने एकादश्या, दाढा आणि सोवळी पुढे करून दिवस ढकलले होते. आम्ही मूर्ख त्यांची थट्टा करत होतो. त्या आठवणीने मला आजही शरमल्यासारखं होतं.

सोमवारी तो मुंबईला गेला तो वहीतलं पहिलं पान घरी ठेवून. वहीशी खोटं बोलायचं नाही, हा त्याचा नियम त्याने आपल्यापुरताही पाळला. प्राध्यापकांनी विचारलं, पहिलं कुटुंब कुठे? हा म्हणाला, "त्या घरी तपासणी नियमाप्रमाणे झाली नाही. चूक माझी आहे." पुन्हा तपासा, असं ते म्हणाले, तर हा तेवढ्यापुरता बहिरा झाला. प्राध्यापक रागावले. ज्याला आपलं घर धड तपासता येत नाही त्याच्या नव्व्याण्णव घरांवर विश्वास कसा ठेवायचा, असं म्हणून त्यांनी आणखी पन्नास घरं तपासायला लावली. प्रबंध वर्षभर मागे पडला. राखून ठेवलेली जागा दुसऱ्याला गेली. कल्याणहून मुलीच्या वडिलांनी दोनदा निरोप पाठवला आणि तिसऱ्यांदा दुसरं स्थळ पाहायला घेतलं. ते मुलीनेच परतवलं, कसं ते तिने कधी सांगितलं नाही, पण जीभ दाखवली असावी असा माझा अंदाज आहे. आम्ही पुन्हा रविवारी दोन डबे घेऊन निघालो. खोपटला गेलो, मानपाड्याला गेलो, जिथे वाट नव्हती तिथे शेताच्या बांधांवरून गेलो. त्या सबंध वर्षात त्याने मला एकदाही काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फक्त एका दुपारी मानपाड्याच्या वाटेवर, एका आंब्याखाली घाम पुसताना तो एकदम म्हणाला, "तू डबा पाहिला होतास ना?" मी म्हणालो, "पाहिला होता." तो म्हणाला, "तिने किती तालीम केली असेल रे." आणि उठून चालायला लागला.

काकू विचारत, एवढा उशीर का लागतोय रे? तो म्हणे, "लोक वेळेवर भेटत नाहीत, आई. सगळ्यांच्याच एकादश्या."

पुढे त्याला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, कल्याणची ती मुलगी मिळाली. तो मुलांना आनुवंशिकता शिकवू लागला आणि चांगली शिकवतो असं त्याचे विद्यार्थी सांगत; फक्त आपलं खाकरणं तो आता पुरावा म्हणून देत नसे. दोन-तीन वर्षांनी अण्णा गेले. त्यानंतर एका संध्याकाळी मी काकूंकडे बसलो होतो. काकू थकल्या होत्या, दिसायला कमी झालं होतं. बाहेर गॅलरीत कुणीतरी खाकरलं, दोन आखूड आणि एक लांब. काकू चटकन उठून चुलीकडे वळल्या, चहाचं आधण ठेवायला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. तोवर तो दारात आला होता.

"बघ रे," काकू मला म्हणाल्या, "मला वाटलं हेच आले. अगदी ह्यांच्यावर गेलाय." मग त्याच्याकडे वळून, जरा अडखळत, त्यांनी विचारलं, "तू शिकवतोस ना रे हे मुलांना? असं उतरतं ना बापाचं मुलात?"

एखाद्या साध्या 'का'वर तासभर बोलणारा आमचा शास्त्रज्ञ. वाटाणे, माश्या, आकृत्या, सगळं काढणारा. मी वाट पाहत होतो. त्याने चपला काढल्या, अण्णांची टोपी जिथे टांगलेली असे त्या खुंटीला आपली टोपी लावली.

"उतरतं, आई," तो म्हणाला, आणि चहाची भांडी काढायला आत गेला.